मदत हवी आहे: कापसाच्या पानांचा डीएनए तपकिरी येतोय

संभाजीनगरला एमएस्सी बायोटेकचा प्रोजेक्ट चालू आहे, सीटॅब पद्धत (सीटॅब या डिटर्जंटने पेशी फोडून डीएनए काढायचा). बफरमध्ये सीटॅब २ टक्के, सोडियम क्लोराइड १.४ मोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, ट्रिस १०० मिलिमोलर, पीएच ८. ६५ अंशांवर अर्धा तास. शेवटी तळाशी बसलेला डीएनएचा गोळा (पेलेट) तपकिरी, चिकट. शुद्धता दाखवणारी शोषण गुणोत्तरं: २६०/२८० (प्रथिनांची भेसळ) ठीक, पण २६०/२३० (पॉलिसॅकराइड, फिनॉल वगैरेंची भेसळ) जेमतेम ०.७. पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) जेलवर बँड नाही. पन्नासपट पातळ केलं की पुसट दिसतो, म्हणजे पीसीआर अडवणारा इनहिबिटरच. पॉझिटिव्ह कंट्रोल व्यवस्थित चालतो.

कोवळी पानं, २ टक्के पीव्हीपी (फिनॉल बांधून ठेवायला), ताजं मर्कॅप्टोइथेनॉल (तपकिरी होणं रोखायला), क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल दोनदा, सगळं करून झालंय. लिक्विड नायट्रोजन मिळत नाही, पानं शेतातून बर्फावर येतात. किटला बजेट नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

आधी सॉर्बिटॉल वॉश द्यावा (सीटॅबआधी वाटलेली पानं सॉर्बिटॉलच्या द्रावणात धुणं) की बफरमधलं मीठ २.५ मोलर करावं? वॉश दिला तर पानं त्यातच वाटायची का, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं किती आरपीएमला?