शब्दचर्चा: रूढी, परिपाठ आणि आंतरराष्ट्रीय कायदा

प्रश्न: आंतरराष्ट्रीय कायदा करारांतून आणि ‘रूढीं’तून येतो असं वाचलं. करार कळला, त्यावर सह्या असतात. रूढीला कायदा कसं म्हणायचं? आणि मग प्रथा, परिपाठ वेगळे का?

– बोलताना हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी खपतात, इथे खपत नाहीत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचं, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीचं, कलम ३८ रूढी म्हणजे ‘कायदा म्हणून मान्य झालेला सर्वसाधारण व्यवहार’ असं धरतं. देश नुसते तसे वागले तर तो परिपाठ, प्रथा. ‘असं वागायला आपण बांधील आहोत’ असं मानून वागले तर रूढी. पाहुण्या राष्ट्रप्रमुखासाठी लाल गालिचा अंथरतात तो परिपाठ. नाही अंथरला तर फार तर रुसवेफुगवे होतील. राजदूताला अटक केली तर मात्र कायदा मोडला.

परिपाठाची रूढी होते कशी, ते ‘पाकेते हबाना’ नावाच्या नौकेच्या खटल्यात दिसतं. १८९८, अमेरिका-स्पेन युद्ध. क्यूबाच्या किनाऱ्यालगत मासेमारी करणारी ही छोटी नौका अमेरिकी नौदलाने धरली. नौकेवर जिवंत मासळी, हत्यार एकही नाही. युद्ध सुरू झाल्याचाही खलाशांना पत्ता नव्हता. गरीब कोळ्यांना सोडणं ही निव्वळ मेहेरबानी, असं त्याच्या शंभरेक वर्षं आधी एका इंग्लिश न्यायाधीशाने म्हटलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पार १४०३ पासूनचे राजांचे हुकूम चाळले आणि १९०० मध्ये बहुमताने ठरवलं की सौजन्य म्हणून सुरू झालेली गोष्ट आता पक्का नियम झाली आहे. जप्ती बेकायदा ठरली.

प्रश्न: रूढी इतक्या जुन्या, मग डच कायदेपंडित ग्रोशियस या कायद्याचा जनक कसा?

– जनक म्हणणं जरा सढळ हाताचं आहे. युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरचा त्याचा ग्रंथ १६२५ चा. तह आणि दूत त्याच्या कितीतरी आधीचे. विखुरलेलं त्याने एका सूत्रात ओवलं, हे श्रेय खरंच. ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणाचा इंग्रजी मूळ शब्द तर त्याच्यानंतर दीडेकशे वर्षांनी इंग्लिश विचारवंत बेंथमने घडवला. तोही तसा फसवाच, कारण हा कायदा मुळात सार्वभौम राज्यांमधला आहे. पण ‘आंतरराज्य’ हा शब्द मराठीत आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला.

प्रश्न: एखाद्या देशाला रूढी मान्यच नसेल तर?

– ती घडत असतानाच हरकत घ्यावी लागते, आणि ती लावून धरावी लागते. गप्प बसलात तर संमती धरली जाऊ शकते. गुलामगिरी, वंशसंहार यांवरच्या बंदीपुढे मात्र अशी हरकत चालत नाही.