150 स्तोत्रांचं वर्ष

वर्षभरात देवावरच्या विश्वासात वाढ झाली हे ओळखायचं कसं, असा प्रश्न मला विचारलाय. माझ्याकडे पक्की खूण नाही, पण सांगते.

1 जानेवारीला ठरवलं, बायबलमधली 150 स्तोत्रं रोज एक अशी वाचायची. मेअखेर संपायला हवी होती, संपली दिवाळीत! 119व्या स्तोत्रात 176 वचनं (क्रमांक दिलेल्या ओळी) आहेत. खरं सांगायचं तर कंटाळाच आला. पण अडकले ती 88व्यापाशी. बहुतेक विलापस्तोत्रं, म्हणजे दुःख नि तक्रार मांडणारी स्तोत्रं, शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. आई गेली त्या आठवड्यात नेमकं तेच पुढ्यात आलं. तोवर मला वाटायचं, प्रार्थनेत तक्रार करणं म्हणजे अविश्वास. इथे तर तक्रार खुद्द पवित्र शास्त्रात, तीही गाण्यासाठी रचलेली! मग महिनाभर मी प्रार्थनेत नुसती भांडले. चर्चच्या पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) घाबरत सांगितलं, तर म्हणाले, "बोलणं बंद नाही ना केलंस?"

चिडकेपणा आहे तसाच आहे (घरचे साक्षीदार). चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंशी दोन वर्षं अबोला होता. यंदा ईस्टरला मीच हात पुढे केला. त्यांनी तो घेतला, हसल्या मात्र नाहीत.