दोन्ही पायांचं लेझर याच आठवड्यात करा म्हणतात. करू का? (व्हेरिकोज व्हेन्स, पुणे)

पोळीवाली_नवीपेठ

नमस्कार मंडळी. वय 46. नवी पेठेत माझं पोळी-भाजीचं छोटं केंद्र आहे, गिऱ्हाईक बहुतेक एमपीएससीची मुलं. पहाटे साडेपाचला कणीक मळायला घेते, ती साडेअकरापर्यंत ओट्यापाशी उभी. मदतीला एक ताई आहेत, लाटायला मी आणि भाजायला त्या. रोजच्या अडीचशे पोळ्या होतात. संध्याकाळी पुन्हा दोन तास.

उजव्या पायाच्या शिरा दुसऱ्या बाळंतपणात दिसायला लागल्या, त्याला 17 वर्षं झाली. तेव्हा नुसती निळसर जाळी होती. आता गुडघ्याच्या आतल्या बाजूने पोटरीवर एक शीर गांडुळासारखी वळत गेली आहे, करंगळीएवढी जाड. दुपारपर्यंत पाय शिसं भरल्यासारखा होतो, रात्री पोटरीत गोळे येतात. गेल्या पावसाळ्यापासून घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, रुपयाएवढा तपकिरी डाग पडलाय आणि तो खाजतो. डाव्या पायावर दोन-चार बारीक रेघा आहेत, त्रास काही नाही.

भीती वाटते ती आईमुळे. तिला नेमकी त्याच जागी जखम झाली आहे, दोन वर्षं झाली, भरत नाही. हळद झाली, मलमं झाली. तिला शुगरही आहे.

मागच्या महिन्यात एका मोफत शिबिरात गेले. टेबलावर आडवं केलं, दोन मिनिटं मशीन फिरवलं आणि म्हणाले, दोन्ही पायांचं लेझर, एक लाख साठ हजार, याच आठवड्यात नाव नोंदवलं तर वीस हजार कमी. पायाचाही सेल लागतो हे मला नवीन होतं.

करून टाकू का? की मोजे घालून भागेल? आणि शीर जाळली तर रक्त जाणार कुठून, हे कुणी धड सांगेल का?

गादीवाले_काका

ताई, आधी माझं सांगतो. लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात 34 वर्षं काढली. पहिली पंधरा-सोळा वर्षं आम्ही गादीवर मांडी घालून साड्या उलगडायचो. मग दुकानाचं शोरूम झालं, काउंटर आले आणि आम्ही सगळे उभे राहिलो. दिवाळीच्या दिवसांत बारा-बारा तास. माझे वडील बसून काम करणारे कारकून, तरी त्यांच्याही पायाला हेच होतं. म्हणजे घराण्यातून आलेलं होतंच, काउंटरने त्याला हात दिला.

2019 ला डाव्या पायाचं लेझर केलं. गुडघ्यापाशी सुई, त्यातून तार वर सरकवली, मांडीभर भुलेच्या पाण्याची इंजेक्शनं. खरं दुखलं ते तेवढंच. त्याच संध्याकाळी चालत जिना चढलो. दोनेक आठवडे मांडीत दोरी ताणल्यासारखं वाटायचं आणि काळंनिळं झालं होतं, ते गेलं. घोट्यापाशी तळहाताएवढी जागा सहा महिने बधिर होती. आता ठणका नाही, पण गेल्या वर्षी पोटरीवर एक नवी शीर डोकं वर काढतेय. एकदा केलं म्हणजे जन्माची सुटका, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि मेडिक्लेम असेल तर पॉलिसीचा कागद आज काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींत या दुखण्याला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. दिसायला बरं वाटावं म्हणून केलं असं वाटलं तरी क्लेम नाकारतात.

पट्टीवाली_सिस्टर

शिरांच्या ओपीडीत 14 वर्षं नर्स आहे, डॉक्टर नाही. त्या हिशेबाने वाचा.

पोळीवाली ताई, तुम्हाला दिसतं ते गांडूळ हे दुखण्याचं टोक आहे, मूळ वर आहे. पायातलं रक्त चढावर जायला हवं. ते ढकलते पोटरी, आणि ढकललेलं खाली येऊ नये म्हणून शिरेत ठरावीक अंतरावर छोट्या झडपा असतात. घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जी लांब शीर जाते, तिच्या झडपा सैल झाल्या की रक्त उलटं उतरतं आणि खालच्या फांद्या फुगतात. अनुवंश, बाळंतपणं, वजन, वय ही कारणं. एका जागी उभं राहण्याने भर पडते, कारण पोटरी हलतच नाही. पायावर पाय टाकून बसल्याने होतं म्हणतात, ते मनावर घेऊ नका.

रक्त जाणार कुठून? पायातलं बहुतेक रक्त तसंही स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांतून जातं. वरची नासकी शीर बंद केली की उलटं पडणारं रक्त थांबतं, एवढंच. मात्र त्या खोल शिरा मोकळ्या आहेत ना, आत जुनी गुठळी नाही ना, हे आधी बघावं लागतं.

म्हणून कलर डॉप्लर, म्हणजे शिरेतलं रक्त कुठे जातंय ते रंगात दाखवणारी सोनोग्राफी, आणि ती उभं करून. आमच्याकडे पेशंटला स्टुलावर चढवतात, भार दुसऱ्या पायावर. डॉक्टर जांघेपाशी प्रोब धरतात आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबतात. पडद्यावर एक रंग चमकतो: रक्त वर गेलं. हात सोडला की चांगल्या पायात पडदा शांत. बिघडलेल्या पायात लगेच दुसरा रंग येतो आणि रेंगाळतो. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त रेंगाळला तर झडप गेली असं धरतात. मी तीन-चार सेकंद रेंगाळलेला पाहिलाय. आडवं झोपवून दोन मिनिटांत हे कसं कळलं, ते त्या शिबिरवाल्यांनाच माहीत.

आता डाग. खाज आणि तपकिरी रंग म्हणजे कातडीला त्रास सुरू झालाय. बारीक रेघांचा पाय दहा वर्षं तसाच राहू शकतो, हा उजवा पाय मात्र पुढे ढकलू नका. आठवड्यात नाही, पण महिन्या-दोन महिन्यांत व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, दाखवाच. उपायांचा क्रम ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2013 साली घालून दिला तो साधारण असा: आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे उष्णतेने शीर आतून बंद करणं. ते जमण्यासारखं नसेल तर शीर बंद करणाऱ्या औषधाच्या फेसाचं, म्हणजे फोमचं, इंजेक्शन. तेही नसेल तर कापून शीर ओढून काढण्याचं जुनं ऑपरेशन. हल्ली गोंदाने चिकटवतातही, त्यात मांडीभर इंजेक्शनं लागत नाहीत, पण महाग. डायोस्मिनच्या गोळ्यांनी जडपणा थोडा कमी होतो, फुगलेली शीर आत जात नाही.

मोजे झडप दुरुस्त करत नाहीत. तोवर ठणका आणि सूज धरून ठेवतात. गुडघ्यापर्यंतचे, क्लास 2, पाऱ्याचा 23 ते 32 मिलिमीटर दाब. घोटा आणि पोटरी टेपने मोजून घ्या, ‘मीडियम द्या’ म्हणू नका. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी चढवायचे. टाचेपर्यंत उलटा करून पाय आत घाला आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळव्याने वर सारा, बोटांनी ओढलात तर फाटतील. पुण्याच्या एप्रिलमध्ये तुम्ही मला शिव्या द्याल, त्याही तव्यासमोर. द्या.

आईंचं मात्र वेगळं. शुगर आहे, तर पायाची धमनी नीट चालते का हे घोट्याचं प्रेशर घेऊन बघितल्याशिवाय घट्ट मोजा किंवा पट्टी लावायची नाही. धमनी बरी असेल तर अशा जखमेवर खरं औषध घट्ट दाबपट्टीच, हळद नव्हे. आणि त्यांचाही डॉप्लर करा. शिरेचं काम लवकर केलं तर जखम लवकर भरते, हे 2018 साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय.

दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. शीर फुटून रक्त उडालं तर लगेच आडवं व्हायचं, पाय वर, स्वच्छ फडक्याने दाबून धरायचं. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली तर घटकाभरही थांबू नका.

तळजाईकर

माझ्या मावशीने जळवा लावून घेतल्या होत्या, तिला हलकं वाटलं. एवढे पैसे घालण्याआधी वैद्यांनाही विचारा.

पट्टीवाली_सिस्टर

हलकं वाटलं असेल, नाही म्हणत नाही. झडप होती तशीच राहते. आणि शुगर असलेल्या आईंच्या पायाला स्वतःच्या मनाने जळू लावायला जाऊ नका, एवढी विनंती.

पोळीवाली_नवीपेठ

तीन आठवड्यांनी लिहितेय, गणपतीच्या ऑर्डरी होत्या.

उभं करून डॉप्लर झाला. सिस्टर म्हणाल्या तसंच. डाव्या पायाला पोटरी सोडली की पडदा गप्प. उजव्याला रंग असा पसरला की मीच म्हटलं, अहो बास. डावा पाय पूर्ण निर्दोष, त्याला काही करायचं नाही. म्हणजे शिबिरवाले चांगल्या पायाचे ऐंशी हजार मागत होते. उजव्याचं लेझर दिवाळीनंतर ठरवलंय, मुलं गावी गेली की केंद्र तसंही बंद असतं. पॉलिसीला चार वर्षं झालीत, क्लेम बसेल म्हणाले.

आईच्या धमन्या ठीक निघाल्या. दर आठवड्याला पट्टी बदलून घेतो. जखमेची कड आत यायला लागली आहे, अजून आठाण्याएवढी आहे.

उंच स्टूल आणून बघितलं, पण बसून लाटलं की जोर खांद्यावर येतो आणि पोळी एका बाजूला जाड होते. आता दर वीस पोळ्यांनी टाचा वर-खाली करते. ताई हसतात.

एक विचारायचं राहिलं. मोजा उन्हात वाळत घातला तर चालतो का? मागच्या दोरीवर टाकला तर डबा न्यायला आलेली मुलं विचारतात, मावशी, क्रिकेट खेळता का.

पट्टीवाली_सिस्टर

सावलीत. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. आणि दोन जोड घ्या.