सोलर-पवनला ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी) लागत नाही, मग तिथे पर्यावरण नियोजकाचं काम काय?

कल्याणची_मानसी

नमस्कार. एमएस्सी झाल्यापासून चार वर्षं ठाण्यातल्या एका सल्लागार फर्ममध्ये आहे. काम बहुतेक बिल्डरांच्या ईसीचं, म्हणजे पर्यावरण मंजुरीचं. पनवेल, भिवंडी, नवी मुंबई. धूळ किती, सांडपाण्याचा एसटीपी केवढा, झाडं किती तोडणार, याचे तक्ते भरते. आता अंधेरीत ऑफिस असलेल्या एका अक्षय ऊर्जेच्या कंपनीतून बोलावणं आलंय. पद पर्यावरण नियोजकाचं, प्रकल्प माणदेशात आणि धुळ्याकडे, महिन्यातले दहा दिवस साइटवर.

मुलाखतीआधी वाचायला बसले आणि गोंधळले. 2006 च्या ईआयए अधिसूचनेच्या यादीत सोलर पीव्ही नाही, पवनचक्कीही नाही. 2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने दोन्ही पांढऱ्या श्रेणीत टाकले, म्हणजे संमती घ्यायची नाही, नुसतं कळवायचं. जनसुनावणी नाही. मग कंपनी मला पगार कशाचा देणार? अहवालावर सही करण्यापुरतंच ठेवणार असतील तर मला जायचं नाही. घरी बाबा म्हणतात, उन्हापासून वीज, त्यात तू काय शोधणार! प्रत्यक्ष हे काम करणारं कुणी आहे का इथे? दिवसभर काय करता ते सांगा.

माळावरची

मानसी, मुलुंडला राहते, बारा वर्षं हेच काम करतेय. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

बिल्डरच्या प्रकल्पात तुझं काही सुटलं तर समिती शंका काढते, फाइल परत येते. इथे तुझ्यानंतर थेट जेसीबी येतो. कायदा विचारत नाही म्हणूनच विचारणारं माणूस आत बसलेलं लागतं.

माझा पहिला प्रकल्प माणदेशातला, 50 मेगावॅटचा. मेगावॅटला चार-पाच एकर धर, म्हणजे सव्वादोनशे एकर झाले. सातबाऱ्यावर निम्मी जमीन पोटखराबा, उपग्रहाच्या चित्रात सगळं तपकिरी. सर्व्हे मी जानेवारीत केला. दोन दिवस फिरले, चिटपाखरू दिसलं नाही, आणि अहवालात लिहिलं, 'जमिनीचा सध्या वापर नाही.' कुंपण झालं. पावसाच्या तोंडावर मेंढरं आली. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणारी कुटुंबं, कोकणात उतरतात आणि पावसाळ्याला परत माळावर येतात. माझं आजोळ साताऱ्याचं, मला हे ठाऊक असायला हवं होतं. चारशे मेंढरं तारेला लागून उभी आणि पाणवठा तारेच्या आत. त्या वाड्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुमी आला तवा आमी पेणच्या अंगाला हुतो. इचारायचं तरी."

कंपनीचं म्हणणं, कागदावर वाट नाही तर वाट नाही. सहा आठवडे भांडले. शेवटी ओढ्याच्या कडेने पॅनेलच्या टेबलांच्या दोन रांगा सरकवून पंधरा फुटांची वाट मिळाली. तोवर मेंढरांना पाण्यासाठी लांबचा वळसा पडला. तो माझ्या त्या एका वाक्यामुळे पडला, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून एक साइट दोन ऋतूंत बघितल्याशिवाय सही करत नाही. तलाठ्याकडे शेवटी जाते. आधी मेंढपाळ, मग सरपण आणायला जाणाऱ्या बाया, मग पोस्टमन. पाणंद, ओढे, पाणवठे, देवाची जागा, सगळं फोनवर टिपायचं आणि रात्री लॉजवर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं. आणि हे सगळं कंपनीच्या जमीन घेणाऱ्या लँड टीमने इसार द्यायच्या आधी. एकदा इसार गेला की तुझा नकाशा कुणी उघडत नाही.

पवनचक्क्यांचं वेगळं आहे. तू साताऱ्याजवळ चाळकेवाडीला जाऊन ये. तिथल्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, गळ्याला निळसर पंखा असलेला सरडा आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला नावच 'सरडा' दिलंय, आपल्या शब्दावरून. 2018 मध्ये त्या पठारावरचा अभ्यास छापून आला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते, त्यामुळे सरडे वाढले होते, आणि माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नव्हते. म्हणजे पात्याला आपटून किती पक्षी मेले एवढं मोजून भागत नाही, तिथून कोण निघून गेलं हेही बघावं लागतं. त्यासाठी चक्की उभी राहण्याआधीची मोजणी हातात हवी. ती करून ठेवणं हे तुझं काम.

वीज वाहून नेणारी लाइन विसरू नकोस. प्रकल्पाची जागा चांगली असते, पण सबस्टेशनपर्यंतचे टॉवर कुठून जाणार हे कुणी दाखवत नाही. राजस्थान-गुजरातेत माळढोक तारांना धडकून मरत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या, 2024 मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तीन वर्षं सगळे अडकले. लाइनचा विचार पहिल्या दिवशी केला असता तर कितीतरी वाचलं असतं.

मुलाखतीत एवढं विचार, कर्ज कोणाचं आहे? परदेशी बँक असेल तर ती बहुतेक वेळा आयएफसीची (जागतिक बँक गटातली संस्था) 2012 ची मानकं लावते, त्यात जमीन, उपजीविका, जैवविविधता सगळं येतं. मग तुझ्या नकाराला वजन येतं.

गच्चीवाला_दादर

माळावरचीताईंचं पटलं. मी सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर बसवतो, तिकडची बाजू सांगतो. मुंबईची वीज गावाच्या जमिनीवर तयार होणार असेल तर आधी आपल्या गच्च्या भराव्यात, असं मला मनापासून वाटतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे त्यावर निघतात. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. अडचण पाण्याच्या टाकीच्या सावलीची आणि शेजारी उठणाऱ्या टॉवरची. दुसरं, आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, नाहीतर गळतीचं खापर पॅनेलवर फुटतं आणि पुढची सोसायटी तयार होत नाही. मानसी, कंपनीचं गच्चीचं काम असेल तर तेही मागून घ्या.

सांगोल्याचा_कुर्ल्यात

आमची पाच एकर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2.0 योजनेत सोलरसाठी भाड्याने द्यायचं घरात चाललंय. भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी तीन टक्के वाढ. दुष्काळी पट्ट्यात एवढं कोण देतं? दिवसा पंपाला वीज मिळाली तर रात्री अकराला विहिरीवर जाणं थांबेल, साप-विंचवाचं भय जाईल. वडिलांचं आयुष्य त्यात गेलं, म्हणून मी सोलरच्या बाजूने आहे. पण एक सांगतो. करार वाचून दाखवायला कोणी येत नाही. पंचवीस वर्षांनी ते लोखंड आणि काँक्रीट कोण काढणार, सातबाऱ्याच्या इतर हक्कात काय चढणार, हे वडिलांना मीच रात्री फोनवर समजावलं. मॅडम, तुम्ही साइटवर जाल तेव्हा कराराची मराठी प्रत गावात वाचली का, एवढं विचारत जा.

कल्याणची_मानसी

मुलाखत झाली. कर्जाचं विचारलं, परदेशी बँक आहे, मानकं लागू आहेत. मग विचारलं, माझ्या नकाशात जागा 'नको' अशी निघाली आणि लँड टीमने आधीच बोलणी केलेली असली तर? साहेब थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, तोच तर दर वेळचा वाद आहे. खोटं आश्वासन दिलं नाही, ते आवडलं. मी लेखी मागितलंय की इसाराआधी माझी पाहणी होईल. उत्तर आलं की कळवते. दादा, करार वाचण्याचं वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

माळावरची

लेखी मिळालं तर जा. नाही मिळालं तर माझ्याशी बोलल्याशिवाय होकार देऊ नकोस, मेसेज कर.

माणदेशातली पहिली फेरी ऑगस्टमध्येच मार, म्हणजे वाडे भेटतील. मुंबईहून रात्रीची एसटी धर, पहाटे दहिवडीला उतर. नऊच्या आत माळावर पोच, त्यानंतर मेंढरं लांब गेलेली असतात. वाड्यावर गेलीस की आधी बस, चहा नाकारू नकोस, वही लगेच काढू नकोस. ऑक्टोबरला परत जाशील तेव्हा जाड कापडाची पँट घाल. कुसळं लेगिंगमधून आरपार जातात आणि आठवडाभर टोचत राहतात.