१९७० ची एमजीबी घेऊन स्कॉटलंड: निघण्याआधी काय करावं, आणि गॅरेज कसं पारखावं?

प्रेषक: अ. कु., रेडिंग

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात १९७० ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) घेऊन निघायचा बेत आहे. रेडिंग ते इन्व्हरनेस, तिथून नॉर्थ कोस्ट ५०० या उत्तर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या रस्त्याचा पूर्ण फेरा (५१६ मैल) आणि परत. गाडी मूळ स्थितीत आहे: १७९८ सीसी, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, पॉइंटवाला लुकास डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग), ओव्हरड्राइव्ह, तारांची चाकं. चाळीस वर्षांवरची असल्यामुळे एमओटी (इथली गाड्यांची वार्षिक सक्तीची तपासणी) माफ आहे, त्यामुळे तिसऱ्या माणसाच्या नजरेखालून ती बरेच दिवस गेलेली नाही. जवळचं एक गॅरेज म्हणतंय, निघण्याच्या आदल्या आठवड्यात आणा, फुल सर्व्हिस करून इग्निशन सगळं नवं टाकून देतो. हे योग्य आहे का? आणि गॅरेजला जुन्या गाडीचं खरोखर कळतं की नाही, हे बाहेरून कसं ओळखायचं?

---

प्रेषक: वि. दे., कॉव्हेंट्री

अ. कु.,

आदल्या आठवड्यात काहीही करून घेऊ नका, हे कळकळीनं सांगतोय. जुनी गाडी वाटेत बंद पडते ती बहुतेक वेळा नुकताच हात लागलेल्या जागी: अर्धवट आवळलेली क्लिप, दाबून न बसवलेली वायर, किंवा कालच डब्यातून काढलेला नवा भाग. कामं मेच्या पहिल्या आठवड्यात उरका. मग दीडशे-दोनशे मैल चालवा, त्यात एकदा तरी सलग दोन तास मोटरवेवर. परत आल्यावर बॉनेट उघडून उघडलेला प्रत्येक जोड पुन्हा पाहा. जूनमध्ये निघताना फक्त तेल, पाणी आणि हवा बघायची.

इग्निशन सगळं नवं टाकायचा विचार तर सोडूनच द्या. आज बाजारात मिळणारे रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगी वाटणारा फिरता तुकडा) आणि कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी दाबणारा) फार बेभरवशाचे आहेत. साध्या काळ्या रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटनं बसवलेली असते. रिव्हेटचं खालचं टोक शाफ्टच्या फार जवळ गेलं की ठिणगी प्लगकडे न जाता प्लॅस्टिक भेदून शाफ्टला जाते आणि इंजिन बटण दाबल्यासारखं बंद होतं. बिनरिव्हेटचा लाल रोटर मिळतो, तोच घ्या. कंडेन्सरची खूण वेगळी: थंड इंजिनावर सगळं सुरळीत, अर्ध्या तासानं गरम झालं की मिसिंग. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. पॉइंटच्या फटीत ठळक, जाड ठिणगी उडताना दिसली तर कंडेन्सर गेलाय असं समजा. आत्ता जो जुना कंडेन्सर बिनबोभाट चालतोय तो राहू द्या, नवा फक्त सोबत ठेवा. रस्त्यावर बदलायची वेळ आली तर डिस्ट्रिब्युटर उघडायचीही गरज नाही. नव्या कंडेन्सरची वायर कॉइलच्या ज्या टोकाला डिस्ट्रिब्युटरची वायर येते तिथे जोडा आणि त्याचं धातूचं अंग कॉइलच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली दाबा. गाडी घरी येईल. आतला कंडेन्सर शॉर्ट झाला असेल तर मात्र ठिणगीच येत नाही, मग तो काढावाच लागतो.

पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच (०.३५ ते ०.४० मिमी), प्लग एनजीके बीपी६ईएस, फट ०.०२५ इंच. कॉइल एकदा मल्टिमीटरनं मोजा: तुमच्या गाडीला साधारण ३ ओमची, साधी १२ व्होल्टची कॉइल लागते. नंतरच्या रबर बंपरवाल्या गाड्यांची दीड ओमची बॅलास्ट कॉइल कोणी चुकून बसवली असेल तर पॉइंट काही शे मैलांत जळतात आणि दोष पॉइंटला दिला जातो.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) स्वतः बघा. इंजिन थंड, फीलर गेज ०.०१५ इंच (०.३८ मिमी), आणि नऊचा नियम: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करायचा, सातवा उघडा असताना दुसरा, दोन्हींची बेरीज नेहमी नऊ. हे बीएमसी बी-सिरीज इंजिन आहे. आपल्याकडच्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या जुन्या मेकॅनिकांना हा नियम तोंडपाठ असायचा. आकडे वहीत लिहून ठेवा. हेडमध्ये अनलेडेडसाठी कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्या) बसवलेल्या नसतील तर शिसं नसलेल्या पेट्रोलवर, विशेषतः मोटरवेच्या वेगात, एक्झॉस्टच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकत जातो आणि फट कमी कमी होत जाते. हजार मैलांत फट घटलेली दिसली तर प्रत्येक टाकीला लेड सब्स्टिट्यूट घालणं भाग आहे.

ब्रेकचे लवचीक होज बाहेरून छान दिसतात आणि आतून सुजून बंद होतात. मग दाब जातो पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. दहा मैल चालवून थांबा आणि चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या. एकच चाक तापलेलं असेल तर आधी तिथला होज तपासा, मग कॅलिपर. होजचं वय माहीत नसेल तर सगळेच बदला. ब्रेक ऑइल डॉट ४, दोन वर्षं उलटली असतील तर पूर्ण बदला.

सोबत घ्यायचं: लाल रोटर, कंडेन्सर, पॉइंट, टोपी, कॉइल, फॅन बेल्ट, वरचा-खालचा रेडिएटर होज, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, थ्रॉटल केबल, क्लच स्लेव्ह सिलिंडरची रबरं, फ्यूज, दोन मीटर वायर, जुबिली क्लिप, एक लिटर २०डब्ल्यू५० तेल, अर्धा लिटर डॉट ४, तारांच्या चाकांसाठी तांब्याच्या तोंडाचा हातोडा. हे सगळं एका बुटाच्या खोक्यात आणि एका पिशवीत मावतं.

---

प्रेषक: सु. रा., ग्लासगो

दे. काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त रस्त्याबद्दल लिहिते.

ॲपलक्रॉसला जाताना बेलाख ना बा घाट लागतो. समुद्रसपाटीपासून थेट ६२६ मीटरवर, चढ काही ठिकाणी पाचास एक, एकेरी रस्ता, केसाच्या पिनेसारखी वळणं. इंजिनाला चढापेक्षा समोरच्या गाड्यांना वाट देत थांबणं जास्त जड जातं, कारण थांबलेल्या गाडीत हवा फिरत नाही. तापमानाचा काटा चढू लागला तर हीटर पूर्ण उघडा आणि पंखा चालू करा, तो दुसऱ्या रेडिएटरचं काम करतो. जूनमध्ये त्रास होईल, पण इंजिन वाचेल. उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय सतत ठेवायचा नाही. ओव्हरड्राइव्ह फक्त तिसऱ्या-चौथ्यात लागतो, उतारावर तो बंदच हवा. ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असलं तर ते इथेच उकळतं आणि पेडल एकदम तळाला जातं, म्हणून काकांचं दोन वर्षांचं सांगणं मनावर घ्या.

पेट्रोल: सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे, ई५ (पाच टक्क्यांपर्यंत) बहुतेक ठिकाणी फक्त सुपरमध्ये मिळतं. उत्तरेकडच्या लहान पंपांवर सुपर असेलच असं नाही. एखादी टाकी ई१० भरली म्हणून काही बिघडत नाही, फक्त ते टाकीत महिनोन्‌महिने राहू देऊ नका. जुने रबरी पेट्रोल होज मात्र आधीच बदला आणि नव्या होजवर आर९ असा शिक्का बघून घ्या. त्याशिवायचा होज इथेनॉलनं आतून मऊ पडतो, भेगाळतो, आणि तो बरोबर एक्झॉस्टच्या वरून गेलेला असतो. टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपाची वाट न बघता भरा.

---

प्रेषक: मि. का., लेस्टर

गॅरेजच्या प्रश्नाबद्दल.

फोनवर तीन गोष्टी विचारा. एक, एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल? उत्तर इंजिनाचंच २०डब्ल्यू५० असं आलं पाहिजे. ईपी९० म्हणाले तर ते मागच्या ॲक्सलचं आहे, फोन ठेवा. दोन, टॅपेट थंड इंजिनावर की गरम, आणि फट किती? तीन, १९६६ ची एमजीबी आली तर जंप लीड लावण्याआधी काय बघाल? १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेल्या) होत्या. तुमची नाही, पण ज्याला हे माहीत आहे त्यानं या गाड्या हाताळल्या आहेत. ज्याला माहीत नाही पण जो "मॅन्युअल बघून सांगतो" म्हणतो तोही चालेल. जो ठोकून देतो तो नको.

तपासणी आणि दुरुस्ती एकाच माणसाकडे देऊ नका. एमओटी माफ असली तरी स्वेच्छेनं करता येते, कमाल शुल्क ५४.८५ पौंड. काही कौन्सिलांची स्वतःची एमओटी केंद्रं लोकांसाठी खुली असतात आणि तिथे दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे दोष काढून त्यांना काही मिळायचं नसतं. तिथला कागद घ्या आणि तो गॅरेजच्या पुढे ठेवा.

पहिलं काम छोटं द्या: ब्रेकचे होज बदलून ब्लीडिंग. लेखी अंदाज, मजुरीचे तास वेगळे, "फोन केल्याशिवाय जादा काम नाही" असं त्याच कागदावर, आणि जुने भाग परत. आलेले होज कापून आत बघा. गाडी लिफ्टवर कशी घेतात तेही बघा: जॅक इंजिनाच्या सम्पखाली लावणारा आणि तारांच्या चाकांच्या नटवर लोखंडी हातोडा मारणारा पुढच्या कामासाठी नको. एमजी ओनर्स क्लब आणि एमजी कार क्लबच्या स्थानिक शाखांत विचारलं की त्या भागातला नावाजलेला माणूस कळतो. इन्व्हरनेसजवळचा एक आणि वाटेतला एक, असे दोन नंबर निघण्याआधीच कागदावर घ्या, डोंगरात मोबाइलला रेंज नसते.

काम बिघडलं तर कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे वाजवी काळजी आणि कौशल्यानं काम करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि पुन्हा करून देण्याचा खर्च त्यांचा. बिल शंभर पौंडांच्या वर असेल तर क्रेडिट कार्डानं द्या. बिलावरून वाद झाला तर ते गाडी अडवून ठेवू शकतात. अशा वेळी "हरकत नोंदवून पैसे देत आहे" असं बिलावर लिहून पैसे द्या, गाडी ताब्यात घ्या, मग भांडा.

ब्रेकडाउन कव्हरच्या कागदात गाडीच्या वयाची अट आहे का आणि गाडी घरापर्यंत आणतात की फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत, हे दोन्ही वाचा. गाडी फ्लॅटबेडवरच (सपाट पाठीच्या ट्रकवर) न्यायला सांगा.

---

प्रेषक: अ. कु., रेडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. आदल्या आठवड्याची वेळ रद्द केली. कौन्सिलच्या केंद्रात तपासणी ठरवतोय. एक राहिलं: इग्निशन दिल्यावर मागून, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची टिकटिक येते, ती कधी थांबते, कधी नाही. हे चालेल का?

---

प्रेषक: वि. दे., कॉव्हेंट्री

नाही, निघण्याआधी याचा छडा लावा. एसयूचा पंप इग्निशन दिल्यावर भराभर टिकटिकतो आणि कार्ब्युरेटर भरले की गप्प होतो. इंजिन बंद असताना अर्ध्या मिनिटानं किंवा त्याहून उशिरा एखादी टिक ठीक आहे. सतत चालू राहिला तर आधी कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळ्यांना हात लावा. ओल्या असतील तर फ्लोटची सुई अडकली आहे, पेट्रोल बाहेर सांडतंय, इग्निशन लगेच बंद करा. कोरड्या असतील तर टाकी आणि पंप यांच्यामधल्या जोडातून तो हवा ओढतोय. तिथे पेट्रोल गळत नाही म्हणून हा दोष दिसत नाही. तो होज आणि दोन्ही क्लिप बदला.

मग मोजा: इंजिन थंड, कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून मोठ्या बाटलीत सोडा, इग्निशन द्या. मिनिटाला साधारण अर्धा लिटर आलं पाहिजे, आणि बुडबुडे येता कामा नयेत. कमी आलं तर पंपाच्या टोकावरचं झाकण काढून (बॅटरीची तार आधी सोडवून) आतले पॉइंट बघा, काळे-खडबडीत झाले असतील. पंपाची अर्थची तारही काढून घासून परत लावा. वाटेत टिकटिक एकदम बंद झाली आणि गाडी थांबली, तर मागच्या उजव्या चाकाजवळ खालून पंपाच्या अंगावर पान्याच्या दांड्यानं हलकेच ठोका. पॉइंट सुटले तर पंप चालू होईल, पण ते फक्त पुढच्या गावापर्यंत जाण्यापुरतं. म्हणून त्या खोक्यात एक नवा पंपही ठेवा, आणि तो मे महिन्यात गाडीवर लावून दोनशे मैल चालवून मगच खोक्यात घाला.