खानखोजे कुठल्या धड्यात?

'वांशिक अभ्यास म्हणजे पंधरा वर्षांच्या पोरांना गटागटांत भांडायला शिकवणं' असं मत कुणी मांडलं, ते पटलं नाही, त्यामागची धास्ती मात्र कळते. वांशिक अभ्यास म्हणजे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वंशांच्या लोकांचा इतिहास शिकवणारा तिथला विषय. हा विषय मुळात सरकारी डोक्यातून निघालेला नाही. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला, तो काही महिने चालला, त्यातून हा विषय आला. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये हायस्कूलसाठी सक्तीचा कायदा केला खरा, पण त्यात मेख अशी की राज्याने पैसे दिले तरच सक्ती. २०२५च्या अर्थसंकल्पात ते आले नाहीत. म्हणजे आता ज्या त्या शाळांची मर्जी!

मला विचाराल तर भांडण शिकवण्यापेक्षा माहितीच नसणं जास्त वाईट. भारतातून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंड 'गोरे' ठरत नाहीत म्हणून १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. इंग्रजी राजवटीविरुद्धची गदर चळवळ अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावर उभी राहिली, आणि तिच्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. माझ्या तिकडच्या भाचीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. (इथल्या भाच्यालाही नव्हतं, ते सोडा.) शिकवणारा शिक्षक कसा आहे, यावर बरंच अवलंबून, एवढं मान्य.