मदत हवी आहे: ऑटोकॅडच्या टायटल ब्लॉकमधील अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम

नमस्कार. आम्ही ऑटोकॅड या ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या कार्यालयातील ए१ शीटच्या टायटल ब्लॉकमध्ये (शीटवरील माहितीच्या तयार चौकटीत) 9 अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे मजकूर भरायचे रकाने, आहेत. तो इन्सर्ट केल्यावर माहिती भरण्याच्या चौकटीत सर्वांत आधी रिव्हिजनची तारीख विचारली जाते आणि ड्रॉइंग क्रमांक थेट तळाशी येतो. ब्लॉक तयार करताना मी सर्व अ‍ॅट्रिब्यूट एकेक करून न निवडता खिडकी ओढून एकदम निवडले होते, त्यामुळे क्रम उलटा झाला, हे आता लक्षात आले आहे. घाई नडली, दुसरे काय!

नव्या ड्रॉइंगपुरता उपाय सापडला. ब्लॉक एडिटरमध्ये बॅटऑर्डर ही क्रम ठरवणारी कमांड देऊन 'ड्रॉइंग क्रमांक' सर्वांत वर नेला, ब्लॉक सेव्ह केला आणि नवा इन्सर्ट व्यवस्थित आला. अडचण आधीच इन्सर्ट झालेल्या ब्लॉकची आहे, कारण त्यांच्यात जुनाच क्रम कायम राहतो. एका प्रतीवर अ‍ॅटसिंक (आधीचे ब्लॉक बदललेल्या ब्लॉकशी जुळवणारी कमांड) चालवून पाहिले, तेव्हा क्रम सुधारला आणि भरलेला मजकूरही टिकला. मात्र प्रकल्पाचे लांबलचक नाव रकान्यात बसावे म्हणून ज्या मजकुराच्या अक्षरांची रुंदी (मूळ 1 च्या प्रमाणात) हाताने 0.8 केली होती, ती पुन्हा 1 झाली आणि नाव रेषेबाहेर गेले.

हाताने केलेले असे बदल राखून जुन्या ब्लॉकचा क्रम बदलता येतो का? सुमारे 60 फाइल आहेत, त्यामुळे लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) किंवा स्क्रिप्टचा मार्ग कोणी वापरला असल्यास कृपया सविस्तर सांगावे.